खतामागचा व्यवहार

(मिरजगाव येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते त्यांनी हयातीतील बहुतेक वर्षे गावच्या सोसायटीचे दप्तर सांभाळण्यात घालविली, असे मला निमंत्रणाबरोबरच कळविण्यात आले, आणि तेव्हाच आजच्या विषयाची निवड माझ्यापुरती होऊन गेली. कर्जाविषयी बोलणारे पुष्कळ आहेत, कर्जमाफीविषयी बोलणारे त्याहून अधिक आहेत. मला बोलावयाचे आहे ते कर्जाच्या कागदाविषयी: तो कोण लिहितो, कोणाच्या कपाटात राहतो, त्यातील मजकुरावर प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणास असतो, आणि ज्याला कर्ज मिळतच नाही त्याच्या नावाने कोणता कागद कोठे उरतो, यांविषयी.

हा विषय या कर्जत तालुक्याला उपरा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्याच्या भीमथडी तालुक्यात सुपे येथे, बाजारचा दिवस साधून, आसपासच्या खेड्यांतील कुणबी एकत्र आले आणि त्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. पुढे काही आठवड्यांतच हे लोण नगर जिल्ह्यात शिरले आणि पारनेर, श्रीगोंदे, नगर व कर्जत या तालुक्यांत पोहोचले. त्याआधी काही महिने शिरूर तालुक्यातील कर्डे गावाने सावकाराची हजामत बंद, पाणी बंद, चाकरी बंद असा बहिष्कार घालून पाहिला होता. इतिहासाच्या पुस्तकांत 'दख्खनचे दंगे' या नावाखाली हा प्रसंग दोन परिच्छेदांत उरकला जातो. परंतु त्या दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाने जे नोंदवून ठेवले ते मला फार अर्थपूर्ण वाटते. सुप्यासारख्या ठिकाणी लूट झाली हे खरे. तथापि गावोगावच्या जमावांचा मुख्य रोख धान्याच्या कणगीवर नव्हता, रोकड्याच्या पेटीवर नव्हता, तर खते, रोखे, गहाणखते आणि दिवाणी कोर्टाचे हुकूमनामे यांवर होता, आणि जेथे सावकाराने आपले कागद मुकाट्याने बाहेर काढून दिले तेथे बहुधा त्याच्या केसालाही धक्का लागला नाही. हाणामारी झाली, कडबा पेटला, तो जेथे कागद देण्यास नकार मिळाला तेथे. जमाव पिसाळलेला होता असे म्हणावे, तर पिसाळलेल्या जमावाला इतकी निवड करता येत नाही.

आता हा निरक्षर कुणबी कागदावरच का उठला, याचे कारण तत्कालीन कायद्यांत सापडते. सरकारसारा रोकड भरावा लागे, तो मृगातील पेरणीच्या किंवा सुगीच्या वेळापत्रकाकडे न पाहता ठरल्या हप्त्याला भरावा लागे, आणि रोकड गावात एकाच घरी असे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाला आलेली तेजी ओसरल्यावर भाव कोसळले, नेमक्या त्याच सुमारास साऱ्याची फेरतपासणी होऊन आकारणी वाढली, आणि सावकाराने हात आखडता घेतला. त्याच्या जोडीला १८५९ चा मुदतीचा कायदा होता. ऋणकोला दिलासा मिळावा म्हणून त्या कायद्याने दावा लावण्याची मुदत तीन वर्षांवर आणली. परंतु प्रत्यक्षात असे झाले की मुदत सरत आली की सावकार कुळाला बोलावी, चढलेले व्याज मुद्दलात मिळवी आणि एकूण रकमेचे नवे खत लिहवून घेई, ज्याखाली कुळाचा अंगठा किंवा नांगराची निशाणी पडे. अशा रीतीने पन्नास रुपयांचे कर्ज दर तीन वर्षांनी कायद्याच्या साक्षीने नव्याने जन्माला येई. दावा लागला की कुळ कोर्टात हजर राहत नसे, आणि एकतर्फी हुकूमनामा होई. न्यायाधीश खताकडे पाही. खतामागच्या व्यवहाराकडे पाहण्याची त्याला मुभाच नव्हती.

सावकाराला या सगळ्याचा एकमेव खलनायक करणे सोपे आहे, आणि आपल्याकडे ते फार केले गेले. मी तसे करणार नाही. सरकारसाऱ्याचा हप्ता भरण्यापासून बैल मेला असता नवा घेण्यापर्यंत आणि लेकीच्या लग्नापर्यंत, रात्री अपरात्री दार उघडणारा तोच एक होता, आणि जोवर दुसरे दार नव्हते तोवर त्याने त्या एकटेपणाची किंमत वसूल केली.

१८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा जो कायदा झाला त्याची थोरवी मी व्याजाच्या दरात शोधीत नाही. त्या कायद्याने न्यायाधीशाला फर्माविले की त्याने खत तेवढे वाचून थांबू नये, व्यवहाराच्या आरंभापर्यंत मागे जावे, मुद्दल किती आणि व्याज किती याचा हिशेब स्वतः मांडावा. शेतकऱ्याला कर्जापायी तुरुंगात घालण्याची प्रथा त्याने बंद केली. गावोगाव दस्तऐवज नोंदणारे कामगार नेमले. आणि, ज्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही अशी एक गोष्ट केली, ती म्हणजे भरलेल्या प्रत्येक रकमेची लेखी पावती, वर्षातून एकदा हिशेबाचा उतारा, आणि मागितल्यास पासबुक, हे ऋणकोचे हक्क म्हणून लिहून ठेवले. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी, बँक नावाची वस्तू ज्या मुलखात कोणी पाहिली नव्हती, त्या मुलखातील कुणब्याच्या हाती पासबुक देण्याची ही कल्पना होती.

ती कितपत सफळ झाली? फारशी नाही. सावकारांनी गहाणखत घेणेच सोडून दिले आणि ते खरेदीखताचा आग्रह धरू लागले. कागदावर जमीन विकली गेलेली, तोंडी बोली मात्र अशी की पैसे फिटले की जमीन परत. पुढे १९०७ साली कायद्यात दुरुस्ती करून, असे खरेदीखत वस्तुतः गहाण होते हे तोंडी पुराव्याने सिद्ध करण्यास शेतकऱ्याला वाट करून द्यावी लागली. ही युक्ती जुन्या काळाबरोबर संपली असे मानू नका. २०१४ साली महाराष्ट्राने सावकारीच्या नियमनाचा जो नवा कायदा केला त्यात, अवैध सावकारीपोटी लिहून घेतलेल्या खरेदीखतांची चौकशी करून जमीन परत देवविण्याचा अधिकार जिल्हा निबंधकास देणारे कलम घालावे लागले. म्हणजे १८७९ नंतर काढलेली पळवाट १३५ वर्षांनीही वहिवाटीत होती. दुसरे असे की, सावकाराला आवर घातला गेला पण त्याच्या जागी दुसरा धनको उभा राहिला नाही, आणि ज्याची पत सर्वांत कमी त्याचेच कर्ज सर्वांत आधी आटले.

हे ओळखणारी माणसे त्या काळी होती. विल्यम वेडरबर्न हे सनदी अधिकारी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या वर्तुळातील मंडळी यांनी पुरंदर तालुक्यासाठी एका कृषी बँकेची योजना आखली: सरकारने जुनी देणी तडजोडीने मिटवावीत, आणि नव्या बँकेने माफक व्याजाने पुढचे कर्ज द्यावे. मुंबई सरकार व हिंदुस्थान सरकार यांनी तिला अनुकूलता दर्शविली, परंतु लंडनमधील भारतमंत्र्याने ती नामंजूर केली. मग १८८३ व १८८४ चे तगाईचे कायदे आले, १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला, आणि अर्धशतक लोटल्यावर, १९५१-५२ मध्ये केलेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीचा अहवाल १९५४ साली प्रसिद्ध झाला तेव्हा असे दिसले की शेतकऱ्याच्या एकूण कर्जउचलीत सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के होता आणि सावकारांचा सुमारे ७० टक्के. त्यानंतर वैकुंठभाई मेहता, धनंजयराव गाडगीळ, आपल्याच जिल्ह्यातील विठ्ठलराव विखे पाटील यांच्यासारख्यांच्या कर्तृत्वाने, पुढे १९६९ च्या बँक राष्ट्रीयीकरणाने, चित्र पालटले. २०१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शेतकरी कुटुंबांच्या शिल्लक कर्जापैकी जवळजवळ ७० टक्के संस्थांचे आणि सावकारांचे २०.५ टक्के निघाले. आकडे उलटे झाले, हे फार मोठे काम झाले, आणि ते नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल.

परंतु या सुखद आकड्यामागेही एक व्यवहार आहे. आपण सर्वजण ज्याला 'नवं-जुनं' म्हणतो तो मी येथे थोडा उलगडून पाहतो. समजा, एखाद्या शेतकऱ्याकडे विकास सोसायटीचे १ लाखाचे पीककर्ज आहे. मार्चअखेर ते पूर्ण फेडले तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेखाली त्याला व्याज पडत नाही. न फेडले तर तो थकबाकीदार होतो, सवलत जाते आणि नवे कर्जही मिळत नाही. तूर विकून झालेली असते, कांद्याचे पैसे व्यापाऱ्याकडे अडकलेले असतात, हाती रोख नसते. मग तो खाजगी हातउसने घेतो, किंवा उघड सांगावयाचे तर दरमहा शेकडा तीन किंवा पाच रुपयांनी घेतो, सकाळी सोसायटीत १ लाख भरतो, पावती घेतो, आणि नव्या मंजुरीची वाट पाहत बसतो. मंजुरी आठ दिवसांत आली तर ठीक. महिना लागला तर बिनव्याजी कर्जावर ३ ते ५ हजार रुपये व्याज पडले. सोसायटीच्या ताळेबंदात वसुली शंभर टक्के, जिल्हा बँकेच्या ताळेबंदात वसुली शंभर टक्के, शासनाच्या अहवालात शेतकरी शून्य टक्क्याने कर्ज घेतो. आणि ज्याने हा सर्व डोलारा मार्चअखेर महिनाभर तोलून धरला त्या सावकाराचे नाव यांपैकी कोणत्याही कागदावर नाही. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याखाली तीन वर्षांनी होणारे खत-नूतनीकरण आणि आजचे हे वार्षिक नूतनीकरण यांतील साम्य ज्यांना दिसत नाही त्यांना मी अधिक काय सांगावे?

शिवाय हा शेतकरी तुलनेने सुदैवी होय, कारण सातबाऱ्यावर त्याचे नाव आहे. जो बटाईने दुसऱ्याची जमीन कसतो त्याचे नाव तेथे नसते, आणि मालक लेखी लिहून देत नाही, कारण कुळकायद्याची धास्ती त्याच्या मनातून अद्याप गेलेली नाही. बी, खत, मजुरी यांचा खर्च एकाचा आणि पीककर्जाचा हक्क दुसऱ्याचा, असा हा प्रकार आहे. स्त्रियांची गोष्ट याहून निराळी नाही. शेतकरी संघटनेने शरद जोशींच्या नेतृत्वाखाली 'लक्ष्मीमुक्ती' चालवून नवऱ्यांना आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करण्यास सांगितले, ते याच दृष्टीने मला दूरदर्शी वाटते. रिझर्व्ह बँकेने विनातारण शेतीकर्जाची मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून १ लाख ६० हजारांवरून २ लाखांवर नेली, ही चांगली गोष्ट झाली. पण तारण नको म्हटले तरी उतारा लागतोच.

आणि ज्यांना उतारा असून नसल्यासारखा आहे त्यांचे काय? नगर-सोलापूर रस्त्याने दसऱ्याच्या पुढेमागे ज्यांचे बिऱ्हाड ट्रकवर आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढते त्या ऊसतोड्यांची गोष्ट मी करतो आहे. कर्जत, जामखेड, पाथर्डी आणि शेजारच्या आष्टी, पाटोदा या टापूंतील कोरडवाहू माणसाला पावसाळ्याच्या दिवसांत रोख रक्कम देणारी सर्वांत मोठी संस्था कोणती, असे मला कोणी विचारले तर मी मुकादमाकडे बोट दाखवीन. नवराबायको मिळून एक कोयता. त्या कोयत्यावर हंगामापूर्वी उचल मिळते. त्या उचलीतून किराणावाल्याची बाकी फिटते, दवाखाना होतो, मुलीचे लग्न होते. आणि मग सहा महिने टनामागे ठरलेल्या दराने ऊस तोडून ती फेडावयाची. हे कर्ज आहे यात शंका नाही; परंतु धनको याला कर्ज म्हणत नाही, ऋणकोही म्हणत नाही, आणि सरकारच्या पाहण्यांतही ते मजुरीची आगाऊ रक्कम म्हणून निसटून जाते. याचे तारण माणसाचे शरीर आहे. बाई आजारी पडली, खाडे झाले, तर ते उचलीच्या बाजूला चढतात. हंगामाच्या शेवटी हिशेब होतो तो मुकादमाच्या वहीवरून, आणि फिरलेली बाकी पुढच्या वर्षीच्या कोयत्यावर पडते. मुकादमही वर कारखान्याच्या वाहतूक कंत्राटाला बांधलेला असतो, आणि मजूर उचल घेऊन पळाले म्हणून देशोधडीस लागलेले मुकादमही मला ठाऊक आहेत; म्हणून मी येथेही एकालाच दोष देत नाही. १८७९ च्या कायद्याने कुणब्याला जी पावती, जो वार्षिक उतारा, जे पासबुक देऊ केले, ते या कोयत्याला आजतागायत कोणी देऊ केलेले नाही, एवढेच मला म्हणावयाचे आहे.

गटाने बायकांना कर्ज देणाऱ्या लघुवित्त कंपन्यांबद्दल थोडक्यात बोलतो. मार्च २०२२ च्या निर्देशांनी रिझर्व्ह बँकेने ठरविले की वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबास विनातारण दिलेले कर्ज ते लघुवित्त, आणि त्या कुटुंबाच्या सर्व हप्त्यांची बेरीज मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा अधिक होऊ नये. नियम शहाणपणाचा आहे. पण उत्पन्नाचा आकडा अर्जावर लिहितो तो कंपनीचाच माणूस, आणि ज्याला महिन्याचे उद्दिष्ट पुरे करावयाचे असते त्याच्या लेखणीतून उतरणारे उत्पन्न सहसा कमी भरत नाही.

याउलट एक उदाहरण सांगतो, ते दुष्काळी मुलखातीलच आहे. सातारा जिल्ह्यात म्हसवडला रस्त्याच्या कडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्यापूर्वी झोपडीवर घालावयाच्या ताडपत्रीसाठी थोडे थोडे पैसे साठवावयाचे होते. बँकेने तिचे खाते उघडले नाही, रक्कम क्षुल्लक म्हणून. तेथे बायकांमध्ये काम करणाऱ्या चेतना सिन्हा यांनी तेव्हा बायकांचीच बँक काढण्याचा अर्ज केला, आणि प्रवर्तक स्त्रिया निरक्षर आहेत, अर्जावर अंगठे आहेत, या कारणाने रिझर्व्ह बँकेने तो परत पाठविला. बायका काही महिने अक्षरे गिरवीत बसल्या, पुन्हा गेल्या, आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या की कोणत्याही रकमेचे व्याज विचारा, आम्ही यंत्राशिवाय तोंडी सांगतो, तुमच्या माणसांनीही तसेच सांगावे. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला. पण माझ्या प्रतिपादनाला छेद देणारी एक गोष्टही तेथेच घडली, आणि ती मी दडवीत नाही. बायकांनी सांगितले की आम्हांला पासबुक नको, घरी नेले की नवरा शिल्लक पाहतो आणि पैसे मागतो. म्हणून बँकेला दारी जाऊन रक्कम गोळा करण्याची आणि कार्डाची व्यवस्था करावी लागली. कागद ऋणकोच्या हाती असावा, असे मी म्हणतो तेव्हा घरातील कोणाच्या हाती, हेही विचारावे लागते.

साठवलेल्या पैशाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, ठेवीच्या सुरक्षिततेचा प्रश्न या जिल्ह्याला नवा नाही. १९१० साली स्थापन झालेल्या नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ४ ऑक्टोबर २०२३ रोजी रद्द केला. ५ लाखांपर्यंतच्या ठेवींना विमा असतो, त्यावरील ठेवीदाराला अवसायकाच्या दारी थांबावे लागते. पतसंस्थेच्या पाटीला बँक समजून पैसे ठेवणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की तो विमा पतसंस्थेतील ठेवीला नाही.

आता मला नकाराकडे यावयाचे आहे. कर्ज बुडविणाऱ्याची नोंद आपल्या व्यवस्थेत उत्तम राहते. सोसायटीच्या फलकावर त्याचे नाव लागते, सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा चढतो, आणि अलीकडे 'सिबिल खराब आहे' हे तीन शब्द शाखेतील कोणीही कारकून उच्चारू शकतो, ज्यांवर अपील कोठे करावयाचे हे समोरच्याला माहीत नसते. परंतु जो अर्ज घेऊन गेला आणि ज्याला 'साहेब रजेवर आहेत', 'कोटा संपला', 'जामीनदार आणा', 'पुढल्या सोमवारी या' असे सांगून वाटेला लावले गेले, त्याची नोंद कोठेही नाही, कारण त्याचा अर्ज आवक नोंदवहीत चढलेलाच नसतो. गाव कर्जबाजारी किती हे सांगणारे दप्तर आहे. गावाला कर्ज नाकारले किती गेले हे सांगणारे दप्तर नाही.

अमेरिकेत याच ठिकाणी मोठी लढाई झाली. तेथे १९३० नंतरच्या दशकात गृहकर्जासाठी शहरांचे नकाशे काढले गेले, ज्यांवर काळ्या लोकांच्या वस्त्या तांबड्या रंगाने धोक्याच्या म्हणून दाखविल्या, आणि त्या वस्त्यांत चांगला पगार असलेल्या माणसालाही घरासाठी कर्ज मिळणे दुरापास्त झाले. १९७४ च्या कायद्याने पतपुरवठ्यातील भेदभावाला बंदी केली आणि १९७५ च्या कायद्याने कोणत्या वस्तीत किती गृहकर्ज दिले याचे आकडे प्रसिद्ध करणे सावकारी संस्थांवर बंधनकारक केले. पण खरी जाग आली ती १९८९ च्या दुरुस्तीनंतर, जेव्हा मंजूर झालेल्या कर्जांबरोबर नाकारलेल्या अर्जांची आणि अर्जदारांच्या वर्णाचीही नोंद उघड करणे भाग पडले. तोवर वस्तीवस्तीतील माणसाला वाटे की आपलेच नशीब फुटके. आकडे शेजारी शेजारी मांडले गेल्यावर हे फुटके नशीब विशिष्ट वर्णाच्याच वाट्याला का येते हे विचारता आले.

आपल्याकडे यासाठी कायद्याची वाट पाहावी लागेल असे नाही. रिझर्व्ह बँकेने २००३ सालीच धनकोंसाठी घालून दिलेल्या न्याय्य व्यवहारसंहितेत म्हटले आहे की कर्जाच्या अर्जाची पोच द्यावी, आणि २ लाखांपर्यंतच्या लहान कर्जाचा अर्ज नाकारला तर नकाराचे मुख्य कारण लेखी कळवावे. ही संहिता बँकांना लागू आहे, आणि गेल्या दोन दशकांत असे लेखी कारण हाती पडलेला माणूस या सभेत असेल तर त्याने मला व्याख्यानानंतर अवश्य भेटावे. पोच मागितली की शाखेतील सूर बदलतो, हा अनुभव आपणांपैकी अनेकांचा असेल; तरीही मागावी, कारण पोच नसेल तर अर्ज नव्हता आणि अर्ज नव्हता तर नकारही नव्हता, असा त्यांचा कागद बोलतो.

सोसायटी आपली आहे, तेथे तर मागण्याचेही कारण नाही. सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा कायद्याप्रमाणे ३० सप्टेंबरपूर्वी व्हावी लागते, आणि तीत थकबाकीचा तपशील पुढे येतो. त्याच सभेपुढे आणखी एक तक्ता ठेवावा असे मी सुचवितो: वर्षभरात कर्जासाठी आणि सभासदत्वासाठी किती अर्ज आले, किती फेटाळले, कोणत्या कारणाने, त्यांत स्त्रिया किती, बटाईदार किती, दहा गुंठ्यांच्या आतले किती, आणि मार्चअखेर भरणा करून नवे कर्ज हाती पडेपर्यंत सभासदाला सरासरी किती दिवस थांबावे लागले. नावे वाचू नयेत, कोणाची अब्रू चव्हाट्यावर मांडावयाची नाही. संख्या आणि कारणे पुरेत. सचिवाला यासाठी एक जादा नोंदवही ठेवावी लागेल. पोटनियमांत त्याला आडकाठी असल्याचे माझ्या पाहण्यात नाही, आणि ठराव मांडण्यास एक सूचक व एक अनुमोदक लागतो.